रामजन्माच्या कीर्तनातला चिनी माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. चिंचोक्याएवढं डोकं, कापडाला धरायला चिमटा आणि दोन-अडीच मीटर वायर, एवढाच माझा संसार. राहतो कुरुंदवाडला, रामाच्या देवळात. पण जन्म मात्र चीनमधला.

तिथं मेई नावाच्या मुलीच्या दुकानात मी होतो. दुकान रस्त्यावर नव्हतं, मोबाईलमध्ये होतं. देशोदेशीची माणसं फोटो बघून आम्हाला मागवत. २०१९ च्या फेब्रुवारीत मला मागवलं पिराजीकाकांनी.

काका पेटी वाजवत आणि त्यांच्या पत्नी शेवंताबाई कीर्तन करत. रामनवमीचं कीर्तन बावीस वर्षं त्यांचंच. पण त्या हिवाळ्यात शेवंताबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज अगदी बारीक झाला. कीर्तनात हात झांजेत गुंतलेले, पाय नाचते. दांडीवरचा माईक काय कामाचा?

"औंदा दुसरं कुणीतरी बघा म्हणून सांगून येते देवळात," त्या म्हणाल्या.

"थांब की जरा. पदराला लावायचा माईक मागवलाय चीनमधनं."

"चीनमधनं? तिथं रामाला कोण वळखतंय?"

"रामाला माईक लागत न्हाय. तुला लागतोय."

काका मेईला रोज 'राम राम' लिहीत. फोन त्याचं चिनी करून देई. देवळातल्या हळदकुंकू वाहिलेल्या अँप्लिफायरचा फोटोही त्यांनी कौतुकानं पाठवला. एके दिवशी मेईचा निरोप आला, 'पाकीट निघालं.' खाली बटण होतं, 'माल मिळाला.' काकांनी ते दाबून टाकलं.

पोस्टातल्या संग्रामनं कपाळाला हात लावला. "काका, माल यायच्या आधीच मिळाला म्हणून सांगितलासा? आता न्हाय आला तर तक्रार कुठं करणार?"

"आरं, पोरगी एवढं कळवतीय. निरोपाची पोच नको द्यायला?"

"ही पोच न्हवं. व्यवहार मिटला, असं लिहून दिलंय तुम्ही."

मी तेव्हा कुठं होतो, सांगू? मेईच्या टेबलावर. निरोप आधीच धाडून पाकीट हातावेगळं करता करता तिची नजर त्या फोटोवर गेली होती. अँप्लिफायरचं भोक जाड, माझी पिन काडीएवढी. जोडायची जाड पिन तिच्याकडे संपली होती. तिनं पाकीट पुन्हा उघडलं आणि ती पिन येईपर्यंत मला नऊ दिवस थांबवलं. व्यवहार तर मिटलेला; तसंच धाडलं असतं तरी तिला कोण विचारणार होतं?

मग विमान, मुंबई, तपासणी, गोण्या. इकडे शेवंताबाई रोज विचारत, "आलं का तुमचं चीन?" काका पेटीचा भाता पुसत बसत.

नवमीच्या आदल्या दिवशी संग्राम स्वतः पाकीट घेऊन देवळात आला. काकांनी मला अँप्लिफायरला लावून बघितलं. माझी पिन त्या भोकात नुसती डुगडुगली. काकांनी मला काढून बाजूला ठेवलं. शेवंताबाईंनी मात्र पाकीट उलटं करून झटकलं आणि त्यांच्या तळहातावर जाड पिन पडली. सोबत तोच फोटो छापलेली चिठ्ठी, भोकाभोवती लाल गोल केलेला.

नवमीला पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला, बाराच्या ठोक्याला गुलाल उधळला. मी शेवंताबाईंच्या पदराला होतो. त्यांनी कुजबुजल्यासारख्या आवाजात पाळणा गायला आणि पार मागं चपलांजवळ बसलेल्या धोंडुबाई म्हणाल्या, "औंदा पाळणा माझ्यापतूर आला गं बाई."

त्याच दुपारी काकांनी मोबाईलवर टिपलेला तो पाळणा मेईला पाठवला. "आता दिली खरी पोच," ते म्हणाले. तिचं उत्तर एकाच शब्दाचं आलं, 'मिळाला.'

पुढच्या वर्षी ते मोबाईलमधलं दुकान आपल्याकडे बंद झालं. देवळात बिनवायरचा माईक आला, तसा मी वायरीची गाठ होऊन कपाटात पडलो. माझी स्पंजाची टोपी झडली. वाटलं, संपलं आपलं. पण शेवंताबाईंची शिष्या राजनंदिनी झांज शोधायला आली अन् मी तिच्या हाती लागलो. तिनं गाठ सोडवली, नवी टोपी घातली. यंदा तिचं पहिलं कीर्तन आहे, आणि ती मलाच लावणार आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याची वायर मुठीभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करा. कुठली वस्तू आली तर पाकीट फेकण्याआधी एकदा उलटं करून बघा. कधी न भेटलेल्या कुणीतरी तुमच्या अडचणीचा विचार करून त्यात काहीतरी घातलेलं असेल. आणि ते सापडलं, की पोच तेवढी द्या.