चपराकीचा आवाज

येत्या हंगामात आमच्या नाट्यगृहात चार विनोदी आणि दोन संगीत नाटकं होणार होती, आणि सहाच्या सहा नाटकांत माझ्या धाकट्या बहिणीला नवऱ्याची थोबाडीत खायची होती. लोक त्या चपराकीसाठीच तिकीट काढतात, असं मॅनेजरचं म्हणणं. नाटक कुठलंही असो, दुसऱ्या अंकात धाकटी टोमणा मारणार, मेव्हणा हात उगारणार, फटाक्! आणि लोक पोट धरून हसणार.

ते फटाक् माझं. मी ढोल-झांजा वाजवते, रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसते. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या माझ्या मांडीवर असतात. मेव्हण्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो, धाकटी मान झटकते आणि त्याच क्षणी मी फळ्या आपटते. वीतभर लांबून जातो, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे.

नव्या हंगामाची झलक दाखवायची होती त्या दुपारी मी रंगपटात गेले. धाकटी आरशासमोर जबड्यावर रंगाचे थर चढवत होती. खालचं सगळं काळंनिळं.

"तालमीत लागलं," ती म्हणाली.

"तालमीला मी होते. तिथं तुला कुणी शिवलंसुद्धा नाही."

तिनं ब्रश खाली ठेवला. "ताई, तो प्रयोगात खरंच मारतो. तुझ्या फळ्या वाजतात ना, म्हणून कुणाला कळत नाही. दाढ हलतेय माझी."

"घरी?"

"लोक हसले की घरी शांत असतो. हसले नाहीत, तर मग घरी मारतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोड त्या मेल्याला. आजच्या आज."

"आणि नाटक? मॅनेजर म्हणतात, जोडी आहे म्हणून हंगाम आहे. मी नाटक सोडणार नाही ताई. ते सोडून माझ्याकडे आहे काय?"

तेवढ्यात जावईबापू शीळ घालत आत आले. नवा कोट, केसांना तेल. "काय ताई, फळ्या तयार ना? आज जरा दणकून होऊ द्या!"

होऊ देते हं तुझं दणकून, मी मनात म्हटलं. फळ्या वाजवायच्याच नाहीत. भरल्या थिएटरात ऐकू दे सगळ्यांना.

थिएटर खच्चून भरलं होतं. धाकटीनं टोमणा मारला, त्यानं हात उगारला. मी फळ्या मांडीवर दाबून धरल्या. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज आला, आणि कुणीही हसलं नाही. मला वाटलं, आता फुटलं याचं बिंग.

त्यानं खड्ड्यात माझ्याकडे पाहिलं. मग दात काढून लोकांकडे वळला. "मागच्यांना ऐकू आलं नाही वाटतं!" आणि उलट्या हातानं दुसरी हाणली. तिचा ओठ फाटला. पण या वेळी आवाज झाला, चांगला खणखणीत फटाक्! माझ्या फळ्या तर मिटलेल्या. मी तिच्या हातांकडे पाहिलं. एप्रनच्या घड्यांआड तिनं स्वतःच टाळी वाजवली होती. स्वतःच्या मारासाठी. थिएटर हसून लोळत होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती, वाजव ना गं, अशा डोळ्यांनी.

मी मूर्ख. लोक हसले नाहीत तर काय होतं, हे तिनं मला तासाभरापूर्वीच सांगितलं होतं.

मी फळ्या घेऊन रंगमंचावर चढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नवीन गंमत. मी फळीची धार त्याच्या मनगटावर घातली. तो बोंबलला, माझे केस धरले आणि माझं डोकं टेबलावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरलं. कुणीतरी शिट्टी मारली. विंगेतून मॅनेजर ओरडला, "वा! हे सगळ्या नाटकांत ठेवू!"

मी खाली पडले. तो माझ्या छातीवर गुडघा रोवून बसला. धाकटी त्याचा कोट धरून मागे ओढत होती, म्हणून त्यानं वळून तिच्यावर हात उगारला. तिचे हात सवयीनं जवळ आले. तिथंच थांबले. मग तिनं ते पाठीमागे नेले.

ती चपराक सगळ्यांनी ऐकली. पाठोपाठ दाढ लाकडी रंगमंचावर पडून टणटणत गेली, तीही ऐकली. पहिल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. "अहो, खरंच मारतोय हा! पडदा पाडा!"

तो उठला, हात पसरून हसला. "खेळ आहे हो, खेळ!" धाकटीनं माझ्याजवळ पडलेल्या फळ्या उचलल्या तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, "ठेव खाली. घरी चल, मग दाखवतो."

तिनं त्याच्या कानाशी नुसत्या फळ्या आपटल्या. फटाक्! त्याला स्पर्शही झाला नाही, पण हा वीर दोन्ही हातांनी तोंड झाकून मटकन खाली बसला. सगळं थिएटर हसलं. त्यानं बोटांतून पाहिलं, लोक त्याला हसत होते. रागानं फुलून तो उठायला गेला तेव्हा तिनं पुन्हा फळ्या फिरवल्या, आणि या वेळी वीतभर अंतर ठेवलं नाही. त्याचं नाक मोडलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. कुणी हसलं नाही.

पडदा उतरायला लागला. झलक संपताना हंगाम जाहीर करायचं काम धाकटीचं होतं. ती फळ्या काखेत मारून पुढे आली, तोंडातलं रक्त बाहीला पुसलं.

"येत्या हंगामात सहा नाटकं," ती म्हणाली. "सहाही मी करणार. समोर कोण असेल ते मॅनेजर बघतील."