माझा अर्धा सेंटीमीटर

खरं सांगायचं तर हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि गप्प बसलो. आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची म्हणजे जिवावर येतं. पण शेजारचा वजनकाटा म्हणाला, "तू नाही सांगितलंस तर कोण सांगणार?" म्हणून सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. बसायचा नाही, मासे मोजायचा. हातभर लांब लाकूड, एका टोकाला आडवी पट्टी, अंगावर सेंटीमीटरच्या रेघा. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं आणि शेपूट कुठल्या रेघेवर येतं ते वाचायचं. झालं माझं काम. सुताराने मला रंधा मारला, वरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "जा, आता कॉलेजात बस." तिथून मी आलो मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या लॅबमध्ये.

बरीच वर्षं कपाटात काढली. मग ताई आली, पदवीनंतरचं शिकायला. तलावातले मासे पोटभर खातात का, हा तिचा विषय. लांबी मी सांगायचो, वजन काटा सांगायचा. लांबीच्या मानाने वजन कमी भरलं, की समजायचं मासा उपाशी आहे.

तलावावर मासेमारी करणारे होडीवाले काका होते. त्यांनी ताईचं नाव ठेवलं होतं डॉक्टर.

"काय डॉक्टर, आज किती पेशंट?"

"साठ तरी बघू काका."

"बघ बाई. माझी चार पोरं बघायला कुणी येत नाही, आणि माशांचा थाट बघा."

मासा मोजून झाला की ताई त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सोडायची. मला रोज पुसायची. ते दिवस चांगले होते.

दुसऱ्या वर्षी माझी पट्टी डुगडुगायला लागली. कधीपासून, ते मलाही नीट आठवत नाही. आणि एक दिवस ती सुटलीच. ताई काठावर बाटल्या भरत होती. काकांनी मला मांडीवर घेतलं. पट्टीखालचं लाकूड कुजलं होतं, म्हणून त्यांनी जरा पुढे, चांगल्या लाकडावर चार खिळे मारले. शून्याजवळच्या रेघा कधीच पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे बघून कळण्यासारखं काही नव्हतं. "घे डॉक्टर, आता मरेपर्यंत हलणार नाही," काका म्हणाले. ताई खूश झाली. वहीत मात्र तिने याची नोंद केली नाही.

पट्टी अर्धा सेंटीमीटर पुढे सरकली होती. त्यानंतर मी प्रत्येक मासा अर्धा सेंटीमीटर जास्त सांगितला. काटा वजन बरोबर सांगत होता. त्यामुळे वहीतले मासे लांब आणि बारीक होत गेले. उपाशी.

तिचे सर आकडे बघून खुर्चीतून उठलेच. अहवाल सरकारकडे गेला. माशांना सावरायला वेळ मिळावा म्हणून तलावात जाळं टाकायला बंदी आली. काकांची होडी काठावर उलटी पडली.

थिसिस द्यायला तीन आठवडे होते. ताईला माझा फोटो हवा होता, त्यात माप कळावं म्हणून तिने माझ्या आडव्या पट्टीला टेकवून एक स्टीलची मोजपट्टी ठेवली. मग खाली वाकली. मोजपट्टीवर दहा होते, तिथे माझ्या अंगावर साडेदहा.

सर म्हणाले, "एवढंच ना? पाच मिलिमीटर वजा कर सगळ्यातून."

"कुठल्या तारखेपासून सर? आणि त्याआधी पट्टी किती दिवस हलत होती?"

"ते तुला माहीत पाहिजे."

ताई मला पिशवीत घालून काकांकडे गेली. ते आता एका गोदामाच्या फाटकावर बसायचे. त्यांनी मला लगेच ओळखलं. खिळ्यांवर अंगठा दाबून बघितला. "बघ, अजून घट्ट आहेत."

"कधी ठोकले होते, आठवतं का काका?"

"पाणी उतरलं होतं तेव्हा. का चढत होतं? नाही गं आठवत. का?"

तिने सगळं सांगितलं. काका ऐकत होते, अंगठा खिळ्यावरच होता.

"म्हणजे तलाव माझ्यामुळे बंद पडला."

"नाही काका. माप मी घेत होते. मी परत तपासलं नाही."

"मग तुझं डॉक्टर व्हायचं काय?"

काकांनी मला तिच्या हातात दिलं आणि फाटक उघडायला गेले.

तिने थिसिसमध्ये जे झालं ते लिहिलं. सरांनी सही केली नाही. अजून एक वर्ष मोजणी कर म्हणाले, पण तिची मुदत संपली होती. बंदी उठवा म्हणून तिने अर्ज दिला, तो अजून कुठल्या तरी टेबलावर आहे. काका अजून फाटकावर आहेत. डॉक्टर न होताच कॉलेज सोडून जाताना ताईने मला शेवटचं पुसलं आणि चिठ्ठी चिकटवली: "वापरू नये. पट्टी सरकलेली आहे."

मित्रांनो, माझ्यासारखं काही हातात घेतलंत तर आधी त्याचं शून्य बघा. दुरुस्त केलंत तर त्याच दिवशी लिहून ठेवा. मायेने मारलेला खिळासुद्धा.

कपाटात ओल आली आहे. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला आहे. काल नवीन विद्यार्थी आले आणि एकाने मला उचलून पाहिलं. तो गेल्यावर काट्याने विचारलं, "चिठ्ठी पडली तर?"

मी त्याला शब्द दिला आहे. लाकूड ओलीने फुगतं, फुगू दे. तो कागद मी अंगात मुरवून घेईन, पण पडू देणार नाही.