टाकीचं कुलूप

माझ्या वडिलांना, आबांना, जळगावच्या दवाखान्यात नेताना ट्रक भुसावळच्या अलीकडे बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला नाही. पुना ड्रायव्हर हँडल मारत राहिला. बऱ्याच वेळाने मागून मिठाचा एक ट्रक आला, त्याने आबांना घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त मनगट धरून पाहिलं. मी धुळ्याहून पोहोचले तोवर तिरडी बांधून झाली होती.

दारावर येणाऱ्या प्रत्येकाला माझा भाऊ रतिलाल एकच सांगत होता. "पुनाने गाडीकडे कधी बघितलंच नाही. नुसता पगार खाल्ला."

लोक माना हलवत. माझ्या लग्नाचं वऱ्हाड पुनानेच त्या ट्रकमधून आणलं होतं. आता सुतक फेडायच्या गंधमुक्तीचं बोलावणं गावभर गेलं, त्याच्या घरी गेलं नाही.

ट्रक लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा. आजूबाजूच्यांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या तरी आबांनी तो सोडला नाही. दोर लावून अंगणात ओढून आणलेला तो ट्रक रतिलालला लगेच भंगारात घालायचा होता. भंगारवाल्याला मात्र गाडी स्वतःच्या चाकांवर आलेली हवी होती, म्हणून गंधमुक्तीच्या आधीच बोदवडहून शालिग्राम मिस्त्रीला बोलावणं गेलं.

शालिग्रामने प्लग काढून बॉडीला टेकवला. रतिलालने हँडल मारलं. निळी ठिणगी पडली.

"करंट फर्स्टक्लास," शालिग्राम म्हणाला. "म्हणजे रोग पोटात."

त्याने कार्बोरेटर उघडला. तळाशी थोडा गाळ होता. जेट तोंडाने फुंकून काढले, पेट्रोल थुंकला, मला म्हणाला, "बघा ताई, नथीच्या मोत्याला असतं तेवढं भोक, आणि एवढं धूड त्याच्या भरवशावर."

कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल ओतलं, ती बसवली, आणि ट्रक सुरू झाला.

"बघ," रतिलाल माझ्याकडे वळला. "फुंकर मारायची होती नुसती. तेवढंही त्याच्याकडून झालं नाही. आबा गेले."

त्या घटकेला मलाही ते खरं वाटलं.

गाडी नीट चालते का बघायला आम्ही तिघं शिवाराच्या रस्त्याने लांबवर गेलो. परतताना आमच्या विहिरीजवळ इंजिन खोकलं, धडपडलं आणि थांबलं. शालिग्रामने पुन्हा हँडल मारून पाहिलं. मग कार्बोरेटर उघडला. वाटी कोरडी होती.

"पेट्रोल आहे ना, रतिभाऊ, का उपास धरायला लावलाय गाडीला?"

"अर्धी टाकी आहे. मी स्वतः भरलंय."

टाकीचा काटा कैक वर्षं मेलेला होता. आबा तुराटी बुडवून पेट्रोल बघत आणि ओली तुराटी आम्हाला हुंगायला देत. बांधावर तुराट्यांचा ढीग होता. मी एक मोडून घेतली आणि टाकीशी गेले. झाकणाला कुलूप होतं.

ते मला नवीन होतं. पूर्वी तिथे एक सैल झाकण असायचं, खाली फडकं गुंडाळलेलं. पेट्रोल पुरत नाही, म्हणजे पुनाच विकतो, असं रतिलालच्या डोक्यात बसलं. आबा म्हणत, म्हातारी गाडी पिणारच. तरी रतिलालने लोहाराकडून जाड झाकण करून घेतलं, आतून ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर लावलं आणि कडी बसवली. आईने मला नंतर सांगितलं, कुलूप लागताना पुना आबांकडे बघत होता आणि आबा दुसरीकडे.

रतिलालने करदोड्याची किल्ली सोडली. झाकण अर्धं फिरलं आणि टाकीने जोरात हवा ओढून घेतली. तो आवाज बराच वेळ चालला. तुराटी निम्मी ओली निघाली.

शालिग्रामने झाकण उलटंपालटं करून पाहिलं. "भोकच नाही याला. रॉकेलच्या डब्यालासुद्धा आपण दुसरं भोक पाडतो, भाऊ. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली येईल कसं?"

झाकण नुसतं टेकवून ठेवलं. थोड्या वेळाने ट्रक सुरू झाला, आणि घरापर्यंत कुठेही अडला नाही.

अंगणात उतरल्यावर रतिलाल म्हणाला, "शालिग्राम, कार्बोरेटरच होता ना?"

शालिग्राम पाने-पक्कड गोळा करत होता. "होता ना. तोही होताच."

मी तशीच पुनाच्या घरी गेले. त्याला सांगायचं होतं की त्याचा दोष नव्हता. तो ओट्यावर बसला होता. मूळचा पिंपळनेरकडचा, इतकी वर्षं इकडे राहून त्याची बोली बदलली नव्हती.

"बठ, अक्का."

मी कुलपाचं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"समजनं व्हतं माले."

"कधी?"

"तठेच. रस्तावर. किल्ली गावमा ऱ्हायनी व्हती, पन लोखंडनी टामी हातमा व्हती मना. एक दणका दिधा असता ते कुलूप तुटतं."

"मग पुनाभाऊ?"

"कुलूप तोडस तो चोर ऱ्हास. ते कुलूप मनासाठेच लायेल व्हतं, अक्का. आबा इचारेत, काय झायं रे. मी सांगं, प्लगमा कचरा शे. प्लग पुसत बठनू."

त्याची बायको पाणी घेऊन आली. मी ते प्यायले. दोष नाही हे सांगायला आले होते, ते आता कसं सांगायचं ते मला कळेना. उठताना एवढंच म्हटलं, "गंधमुक्तीला या." तो आला नाही.

गंधमुक्तीला मांडवात कोणीतरी विचारलंच, "काय निघालं मग ट्रकचं?"

"कार्बोरेटर," रतिलाल म्हणाला. "ड्रायव्हरने कधी उघडलाच नव्हता."

"टाकीला कुलूप होतं," मी म्हणाले. "हवा जायला वाट नव्हती. कुलूप रतिलालने लावलं, आणि किल्ली त्याच्या करदोड्याला होती."

पंगतीत वाढणारे हात थांबले. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच घरातलं कोणीतरी मारलं होतं. रतिलाल उठून आत गेला. टामीचं मी सांगितलं नाही, आणि आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पुनाला पुन्हा कोणी गाडीवर ठेवलं नाही. गावाने माझं ऐकलं, पण बोलत राहिलं रतिलालचंच. पुढे अखाजी आली, अक्षय्य तृतीया. आमच्याकडे अखाजीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो. मी धुळ्याला पिशवी भरून ठेवली नाही, पण दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं. मग उन्हाची झळ आत यायला लागली, तेव्हा उठून लावून घेतलं.