नुसते आकार

...बाबांचं नख ‘तर्हा’ या शब्दातल्या ह-च्या डोक्यावर थांबलं. तिथे रफार उडून बसला होता. हवी होती र-ची आडवी, मिशीसारखी रेघ — तऱ्हा.

"हे येगळं," बाबा म्हणाले. शब्द कोणता, ते त्यांना सांगता येत नव्हतं. सेलूतल्या किती मुलांना बाबांनी, मधुकरराव गुरुजींनी, बाराखडी शिकवली होती, आणि मेंदूच्या झटक्याने नेमकं त्यांचंच वाचणं नेलं. उरलं नुसतं बघणं — सवयीबाहेरचा आकार तेवढा डोळ्याला खटके.

शाल्मलीने चूक टिपून घेतली. नागपूरच्या कंपनीसाठी ती मराठी अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम लिहीत होती; त्याने जुळवलेले शब्द छापून बाबांपुढे ठेवत होती. संगणकात अक्षराचा क्रमांक एक, त्याच्या आकाराचा दुसरा. शब्द जुळताना एकाच ओळीत काही अजून अक्षरं असतात, काहींचे आकार झालेले असतात. कोण काय याची खूण पुसली, की आकाराचा क्रमांक अक्षराचा समजला जातो आणि भलतंच अक्षर मध्ये येऊन बसतं. अशा जागी तिचे डोळे फसत — शब्द वाचून पुढे जात. बाबांचे फसत नव्हते. वाचत नव्हते ना...

"काऊन छळून राह्यली त्याईले?" आई दारातून म्हणाली. "डॉक्टरनं वाचाची सवय कराले सांगतली, चुका शोधाले नाई."

"तेच करून राह्यलो आम्ही."

खोटं. डॉक्टरांनी दिलेली वाचनाची कार्डं कधीच कपाटामागे गेली होती. तिनेच सरकवली होती — आईला सापडू नयेत अशी.

काम संध्याकाळी पाठवायचं होतं, नाहीतर ते दुसऱ्याकडे जाणार. तिने पुढचा कागद ठेवला. त्यावर, बाबांचे डोळे अजून तसेच आहेत ना हे तपासायला, तिचंच बिघडलेलं नाव होतं — अर्ध्या ल-च्या जागी थ आलेलं. ‘शाथमली’.

नख थ-वर थांबलं नाही. शेवटपर्यंत सरकत गेलं. ओठ हलले.

"शा...ल्मली," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे बघून, "शाल्मली!"

"वाचलं व त्याईनं!" आई रडतच आत आली. "तुह्यं नाव वाचलं!"

शाल्मली हसली — हसावं लागलं. "पुन्हा बघा बाबा. काय येगळं आहे?"

"काहीच नाई. बरोबर आहे, बेटा." आणि त्यांनी बोटाने कागदावर बरोबरची खूण केली.

तो थ त्यांनी पाहिलाच नव्हता. तिला राग आला, इतका, की आईचे डोळे पुसायलाही हात उठेना. ती मनात शब्द शोधू लागली — यांना कधीच न उमगणारे, म्हणून नुसते बघता येणारे शब्द. गावाचं नाव नको, आईचं नको, शाळेतलं काही नको, शेतातलं, सणाचं... असे किती थोडे उरतात, याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.