एकशे आठ नमस्कार आणि एक जागा

देवश्रीचा अंगठा मोबाइलवर थरथरत होता, आणि समोरचा गडी तिला निवांत गोळ्या घालत होता. शंकर नगरच्या गेमिंग कॅफेत निवड चाचणी चालू होती. स्पर्धेसाठी हैदराबादला जाणाऱ्या संघात एकच जागा उरलेली, अन् त्या जागेसाठी पोरीनं दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

आग लागो त्या सूर्यनमस्कारांना!

तसं पाहिलं तर व्यायामानं तिचं भलंच केलं होतं. दिवसभर मान मोडून खेळणाऱ्या पुतणीला शिशिरकाकांनी दिवाळीनंतर गच्चीवर ओढलं. "अंगात रक्त फिरलं तं बोटं चालतीन, पोट्टे!" रोज बारा नमस्कार. सोबतीला शेजारचा नील, तोही याच जागेच्या मागे. हळूहळू दोघांचे हात चपळ झाले, नेम सुधारला. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण चाचणी नेमकी रथसप्तमीला आली. त्या दिवशी एकशे आठ नमस्कार घालायची घरची रीत.

"काका, आज मॅच हाय माही."

"म्हनूनच तं! बारानं एवढा फायदा, तं एकशे आठनं किती होईन?"

हा हिशेब तिला पटला, हेच तर कपाळ! नील मात्र फोनवर "दीदी, नींद आ रही है" म्हणून परत झोपला. आळशी म्हणून तिनं त्याला चार शब्द सुनावलेही.

आता खांदे भरून आलेले, दंडात गोळे, नेम भलतीकडेच. ती बाद झाली. हेडफोन आपटावा असं वाटलं, पण हातात तेवढीही ताकद नव्हती.

बाहेर काका तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन उभे होते.

"हात चालूनच नाही राहिले, काका! काहून घालाले लावले एवढे?" तिला रडू फुटलं.

काकांचा चेहरा पडला. ते काही बोलणार, तोच कॅफेचं दार ढकलून नील धावत आला आणि त्यांच्या पाया पडला.

"काका, मेरा सिलेक्शन हो गया! सब आपकी कसरत का कमाल है. और दीदी, आप रोज नहीं उठातीं, तो मैं कहाँ उठता!"

काकांची छाती फुगली. डब्यातला पहिला लाडू त्यांनी नीलच्या तोंडात भरला.

"पाह्य, मी म्हनत नव्हतो?" असं ते म्हणाले, आणि तेही देवश्रीलाच.