रिकिबीत अडकलेला पाय

मी एक घोडी बोलतेय. तांबडी, चौदा वर्षांची, नारीन नदीच्या वरच्या कुरणांवर जन्मलेली. कालमुर्झा मेंढपाळाने मला शिंगरू असल्यापासून वाढवलं, खोगिराची सवय लावली. त्याला लगाम ओढावाच लागायचा नाही. टाच जरा टेकली की मी वळायचे.

मग त्या टाचा मुक्या झाल्या. जेवणाआधी व्होडका, पाहुणे आले म्हणून व्होडका, गेले म्हणूनही. वर्षानुवर्षं हेच. त्याचे पाय कधी नुसते लोंबकळायचे, कधी उगाच माझ्या बरगड्यांत घुसायचे. मी चुकून भलतीकडे वळले की चाबूक बसे. घोडी म्हातारी झाली, असं तो सगळ्यांना सांगायचा. तळव्यांना मुंग्या येतात, आग होते, हे फक्त त्याच्या बायकोला, बुरुलला, ठाऊक होतं.

थंडी पडायच्या आधी आम्ही कळप घेऊन खाली उतरत होतो. बुरुल मागे चालत होती. ओढ्याच्या उतारावर कालमुर्झा माझ्यावरून कलंडला आणि जमिनीवर उताणा आपटला. डावा पाय मात्र रिकिबीत घोट्यापर्यंत घुसून पिरगळला.

तो कण्हलासुद्धा नाही. पाय सुटलाय अशी त्याची खात्री होती. मी अंगावर उभी आहे म्हणून तो मला पुढे हाकू लागला. मी हलले नाही. त्याचं वजन रिकिबीला लटकत होतं. ते मला जाणवत होतं, त्याला नाही. त्याने पोटावर चाबूक ओढला. पुन्हा ओढला. भेदरलेल्या मेंढ्या माझ्या पायांमधून घुसत होत्या. मी एक पाऊल टाकलं असतं तर त्याचं डोकं दगडांवरून फरफटलं असतं.

बुरुल धावत आली. तिने आधी माझा लगाम धरला.

"तिला मारू नका. पाय अडकलाय तुमचा."

"सुटलाय केव्हाच."

"बघा तरी."

त्याने मान उचलली. कुणा परक्याचा पाय असावा तसा तो बघत राहिला. चाबूक हातातून गळला.

पुढचं मी बुरुलकडून ऐकलं. आमच्याकडे घोडीचंही दूध पितात; माझं काढताना ती शेजारणीला सांगत होती. दवाखान्यातल्या बाईंनी त्याला डोळे मिटायला लावून तळव्याला सुई टोचली. त्याला पत्ताच नाही. साखर तपासली, ती ठीक निघाली. दारूने आणि धड न जेवल्याने नसा मेल्यात, म्हणाल्या. सगळ्यांत लांबच्या नसा आधी जातात, म्हणून पाय. पिणं सोडलं तर उरलेल्या वाचतील. गेलेल्या किती परत येतील, ते सांगता येत नाही.

त्याने दारू सोडली. दोनदा पुन्हा धरली, पुन्हा सोडली. आता माझ्यावर बुरुल बसते. तो काठी टेकत शेजारून चालतो, प्रत्येक पाऊल डोळ्यांनी बघून टाकतो. परवा माझ्या पोटावरून हात फिरवत तो तिला म्हणाला, "हिने माझं ऐकलं असतं तर?"

ऐकणाऱ्यांनो, हातात पेला असेल आणि तळव्यांना मुंग्या येत असतील, तर आजच कुणाला तरी सांगा. थांबून राहणारी घोडी प्रत्येकाजवळ नसते.