शेकायची मिनिटे

बर्फाच्या कारखान्यात हिवाळ्यात काम आखूड होते आणि चेहरे लांब होतात. आमच्याकडे सव्वीस माणसे तासांवर आहेत आणि महिन्याच्या पगारावर मी एकटा, हजेरी कारकून. उन्हाळ्यात अकरा-अकरा तास लाद्या ओढायच्या, हिवाळ्यात साडेचार तास काम करून उरलेला दिवस घरच्यांची बोलणी खायची, असे त्या सव्वीस जणांचे वर्षानुवर्षे चालले होते. हिवाळ्यात उसने घ्यायचे, उन्हाळ्यात फेडायचे, की परत हिवाळा हजर.

यावर तोडगा मी काढला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे फजितीही माझीच आहे. वर्षभराच्या तासांची सरासरी दिवसाला सात तास येते. तेव्हा बाराही महिने सात तासांचाच पगार द्यायचा, जादा तास खात्यात जमा, कमी तास खात्यातून वजा. नवरा आजारी पडल्यापासून कारखाना चालवणाऱ्या बाईंना ते पटले. मला आठ दिवस जमिनीवरून चालल्यासारखे वाटत नव्हते.

आमच्या हिशेबाचे वर्ष हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होते, म्हणून योजनाही तेव्हाच सुरू झाली. म्हणजे सगळ्यांनी आधी न केलेल्या तासांचा पगार घ्यायचा आणि उन्हाळ्यात ते तास भरून द्यायचे. मधेच कोणी सोडून गेले तर काय, हे कलम नऊमध्ये होते. राहिलेले तास काम करून भरावेत, नाहीतर शेवटच्या हिशेबातून कापावेत. ते कलम मी स्वतः लिहिले आणि त्याच्याखाली रेघही मारली.

हिवाळा मजेत गेला. धाकटे म्हणाले की यंदा मेहुणा महिनाभर राहून गेला तरी घरात भांडण झाले नाही. धाकटे आणि थोरले हे आमचे आकडेवाले. डब्यांतून सुटलेली लादी लोखंडी आकड्याने ओढत गाडीपर्यंत न्यायची, हे त्यांचे काम. नात्याने ते एकमेकांचे कोणी नाहीत. एक आधी लागला आणि एक नंतर, एवढेच.

योजनेच्या पंच्याऐंशीव्या कामाच्या दिवशी थोरले डॉक्टरची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले. उजव्या हाताची दोन बोटे काळी पडली होती. थंडीतले काम आजपासून बंद, नाहीतर बोटे काढावी लागतील, असे चिठ्ठीत होते. मुलीचे वह्यापुस्तकांचे दुकान होते आणि ती गल्ल्यावर बसायला बोलावत होती, तेव्हा जायला जागा होती. त्यांनी फक्त आपल्या खात्यात किती तास आहेत ते विचारले. मी पाहिले. दोनशे बारा तास त्यांच्याकडून येणे होते.

कापून घेतो, असे मी म्हटले. त्यावर ते मान हलवत राहिले. शेवटचा हिशेब मुलीच्या दुकानात माल भरायला लागणार होता, त्याला हात लावायचा नव्हता. "मी उन्हाळाभर येतो. देणं ठेवून जाणार नाही," ते म्हणाले. बोटांचे काय, असे मी विचारले. दुसऱ्या हाताला आहेत पाच, असे म्हणून ते हसले. मला हसू आले नाही.

बाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या की एकाला तास माफ केले तर उन्हाळ्याच्या तोंडावर दहा जण निघतील. त्यांचे चुकत नव्हते. कलम नऊ त्यांनी माझ्यापुढे सरकवले आणि रेघ कोणी मारली ते विचारले नाही. थोरल्यांची जुनी कार्डे काढून हिशेब तयार ठेवा, एवढेच म्हणाल्या.

कपाटात सहा वर्षांची कार्डे आहेत. आमच्याकडे काम थांबले की घड्याळात कार्ड मारायचे असा नियम आहे. बर्फात हात बधिर झाले की माणसे कंप्रेसरच्या खोलीत जाऊन गरम पाइपाजवळ हात शेकतात. म्हणजे काम थांबते. म्हणजे कार्ड मारायचे. हा नियम माझ्या आधीच्या कारकुनाचा, पण चौदा वर्षे मी तो चोख पाळला. शेकायची मिनिटे कापताना माझा हात कधी अडखळला नाही. माझा चहा दिवसातून तीनदा येतो आणि तो कोणी कधी कापलेला नाही, हेही तेव्हा डोक्यात आले नव्हते.

थोरल्यांचे कार्ड वाचू लागलो. बाहेर नऊ चाळीस, आत नऊ त्रेचाळीस. बाहेर बारा दहा, आत बारा तेरा. सहा वर्षे हेच. धाकट्यांचे काढले, तर बाहेर नऊ चाळीस आणि आत नऊ अठ्ठेचाळीस. मग मी सगळ्यांचीच काढली. त्यात तीन दिवस गेले. पंचवीस जणांचे प्रत्येकी तीनशे नव्वदच्या आसपास तास कापले गेले होते आणि थोरल्यांचे एकशे चाळीस. पगार बुडू नये म्हणून तो माणूस तीन मिनिटांत पाइप सोडत होता. ज्याची बोटे काळी पडली त्याचेच मी सर्वांत कमी कापले होते.

कागद घेऊन बाईंकडे गेलो. माझ्याच चोखपणाचा तो हिशेब होता.

"यंत्राला तेल घालायची वेळ आपण कामात धरतो, बाई," मी म्हणालो. "हात शेकायची बाहेर धरतो."

त्यांनी कागद दोनदा वाचला. सगळ्यांचे मिळून किती, असे विचारले. नऊ हजार आठशे नव्वद तास, मी सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हे एकदम देणे जमणार नाही, दर हिवाळ्याला थोडे थोडे भागवू, जाणाऱ्याचे मात्र जातानाच देऊ, असे म्हणाल्या. थोरल्यांच्या नावापुढे त्यांचे बोट थांबले. एकशे चाळीस दिले तरी त्यांच्याकडून बहात्तर येणे राहतात.

"आपली योजनाच सरासरीवर आहे," मी म्हणालो. "सव्वीस जणांना सारखे धरले तर माणशी तीनशे ऐंशी येतात."

"आणि बाकीचे दहा-दहा तास सोडतील?"

विचारून येतो म्हणालो. कंप्रेसरच्या खोलीत पाचसहा जण शेकत उभे होते. मी सगळे समजावून सांगितले. धाकट्यांनी हात पाइपावरून काढले नाहीत. "त्यांची मिनिटं आम्हीच इथं गप्पांत घालवलीत. द्या," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि उरलेल्यांना आपणच सांगतो म्हणाले. त्या दिवसापासून तिथे जाताना कार्ड मारणे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी थोरले आले. खुर्ची दिली तरी काठावरच बसले. त्यांच्याकडून काही येणे नाही, उलट कारखानाच त्यांना एकशे अडुसष्ट तास देणे लागतो, हे मी दोनदा सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. शेकायची वेळ कामातच धरली आहे, असे मी म्हटल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

"म्हणजे मी तिथं उभा होतो, तेव्हा कामावरच होतो?"

"हो."

पेन उजव्या हातात धरवेना म्हणून त्यांनी डाव्यात घेतले. पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर जुळवत सही केली. मला त्यांच्याकडे पाहायची लाज वाटत होती. माझा चहा आला, तो मी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला, पण प्यायले नाहीत.

"आधी सांगायचं होतं, भाऊसाहेब," ते शांतपणे म्हणाले. "हात नीट शेकले असते."